तारेखालचा दोरा

मिरजेला सतारीच्या गल्लीत, दस्तगीरमामांच्या दुकानात
छताला भोपळे टांगलेत, रिकामे,
आतून इतके कोरडे की खाली कुणी खोकलं तरी घुमतं.
त्यांच्याखाली बसून मामा विचारतात,
"पोरी, तू त्या कॉलेजात गाठी वाढवतीस न्हवं?
मग सांग, ही माझी रातची गोळी
गाठीचंबी बघती म्हणं?"

नऊ वर्षं झाली त्या गोळीला.
छातीत कळ आली तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली,
पांढरी, लांबुडकी, जेवणानंतर,
रहिमतचाचींच्या हातून.
यंदा प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली
आणि कुणीतरी पेपरचं कात्रण आणून दिलं,
तेलाचा डाग पडलेलं,
शेवटची ओळ नेमकी घडीवर फाटलेली.

गाठी नाही मामा, पेशी वाढवते मी.
सदतीस अंशावर, कपाटात, गुलाबी पाण्यात.
एकीच्या दोन, दोनाच्या चार.
प्रत्येक नवीला अंगाभोवती कातडं लागतं
आणि कातड्याला कोलेस्टेरॉल,
ज्याला आपण एवढ्या शिव्या घालतो.
बाहेरून पुरलं नाही तर ती आतच शिजवते.
त्याच भट्टीत एक बारीक चिकट शेपूटही बनतं;
'वाढ, वाढ' म्हणणारी प्रथिनं
त्या शेपटानं भिंतीला धरून राहतात.
तुमची गोळी भट्टीच मंदावते.

मामांनी हातातली खुंटी उजेडात धरली.
"म्हंजी तार हाय, खुंटी न्हाई."
तसंच.
"मग बोलायची कशी?"
बोलत नाही. बशीत तरी.
तिसऱ्या दिवशी बघते तेव्हा
औषध न घातलेल्या बशीत बाजार भरलेला,
पाय ठेवायला जागा नाही;
औषधाच्या बशीत पेशी गोल झालेल्या,
हात सोडलेल्या,
काही तर वर तरंगणाऱ्या.

इथंच थांबायला हवं होतं.
त्यांचे डोळे बघून थांबलेही क्षणभर.
मग सांगून टाकलं:
मी बशीत ओतते ते, तुमच्या रक्तात पोचतं
त्याच्या कितीतरी पट असतं.
काही पेशी उपाशी ठेवल्या की
उलट आणखी भट्ट्या पेटवतात,
त्याही मी मोजल्यात.
गोळी घेणाऱ्या माणसांच्या याद्या काढल्या,
तर एका यादीत गाठी कमी, दुसरीत तेवढ्याच.
कमी त्या गोळीनं,
की गोळी घेणारा माणूस वेळेवर डॉक्टरकडे जातो म्हणून,
हे अजून कुणाला छातीठोक सांगता येत नाही.

मामा काही बोलले नाहीत.
तानपुरा आडवा घेतला,
घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला.
केसभर पुढं. नुसतं ठक्क.
केसभर मागं. गुणगुण, पण घशातली.
चाचींनी चहा ठेवला, निवला.
पुन्हा पुढं, पुन्हा मागं,
आणि एका जागी आवाज उघडला,
दुकानभर, वरच्या भोपळ्यांतसुद्धा.

"ही जागा," मामा म्हणाले,
"कुठल्या पुस्तकात न्हाई. दर वाद्याची येगळी.
इकडं ऱ्हायली तर मुकी, तिकडं गेली तर किरकिरी.
तुझी गावली?"
नाही.
"मग हुडीक की."

उठताना दारात विचारलं,
"गोळी सोडू नगं ना?"
सोडू नका. ती छातीसाठी आहे.
"छातीसाठी," ते म्हणाले,
उधारी वहीत लिहावी तसं,
आणि कात्रण पुन्हा त्याच घडीवर दुमडून
खुंट्यांच्या डब्यात ठेवलं.

रात्री नऊला मी बशा बदलते.
साधारण तेव्हाच चाची पाण्याचा पेला भरत असतील.
कपाटाचं दार बंद केल्यावर
आतला दिवा विझतो की नाही, कळत नाही.
आज केसभर कमी घातलं.